शौलासाठी शब्द टाकणारा माणूस

बंधू-भगिनींनो, रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल कृपादानांची नावं घेतो. त्यांत शिकवणं आहे, दान देणं आहे, पुढारीपण आहे आणि बोध करणं, म्हणजे धीर देणंही आहे. शिकवणाऱ्याला मंडळीत व्यासपीठ मिळतं. खचलेल्याला धीर देऊन उभं करणाऱ्याला मात्र आपल्याला काही दान मिळालंय हे ठाऊकही नसतं. ‘स्वभावच गोड आहे त्यांचा’ म्हणून आपण मोकळे होतो.

पण गोड बोलायला काही मोल पडत नाही. या दानाची किंमत बघायची असेल तर बर्णबाकडे बघा. मूळचा योसेफ, कुप्र बेटातला, लेवी वंशातला. त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, हे आपण नेहमी ऐकतो. मला त्याहून मोठा वाटतो तो प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायातला बर्णबा. शौल, म्हणजेच पुढचा पौल, यरुशलेमेत आला होता. घरोघर शिरून विश्वासणाऱ्यांना ओढून तुरुंगात टाकणारा हा माणूस आता ‘मीही शिष्य’ म्हणत होता. सगळे त्याला भ्यायले, आणि का भिऊ नये? अशा वेळी बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला.

इथे एक गोष्ट नीट पाहा. बर्णबा शौलाला काय म्हणाला, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक लिहीत नाही. शौलाबद्दल तो प्रेषितांना काय म्हणाला, ते लिहितो: याने वाटेत प्रभूला पाहिलं, प्रभू याच्याशी बोलला, दिमिष्कात (दमास्कसमध्ये) याने येशूच्या नावाने धैर्याने भाषण केलं. त्यात स्तुतीचा एक शब्द नाही. जे घडलं तेच सांगितलं, पण जिथे सांगायला हवं तिथे सांगितलं. शौल खोटा निघाला असता तर बर्णबाचा शब्दही गेला असता. धीर देण्याचं खरं काम बरेचदा असं त्या माणसाच्या अपरोक्ष, त्याच्यावर शंका घेणाऱ्यांसमोर होतं. समोर पाठ थोपटायची आणि मंडळीच्या बैठकीत गप्प बसायचं, याला मी धीर देणं म्हणणार नाही.

पुढे अंत्युखिया शहरातली मंडळी वाढली, तेव्हा बर्णबा तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. सुरुवातीला ‘बर्णबा व शौल’ असं लिहिलं जाई. 13 व्या अध्यायातच ‘पौल व बर्णबा’ होतं. बर्णबाने कुरकुर केल्याची नोंद नाही.

मग मार्क, या दोघांचा प्रवासातला सोबती. पंफुल्या प्रांतातून तो अर्ध्यावर परतला होता. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार नव्हता, बर्णबा सोडायला तयार नव्हता. कडाक्याचा वाद झाला आणि ते वेगळे झाले. बरोबर कोण, हे शास्त्र सांगत नाही. पौलाची अडचण मला समजते. काम जोखमीचं होतं. पण मार्कालाही कोणीतरी हवं होतं. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला. पुढे बंदिवासातून तीमथ्याला लिहिताना पौलच सांगतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

या दानाला एक धोकाही आहे आणि तो लपवू नये. माणसं जोडून ठेवणाऱ्याला कुणाला दुखवणं जड जातं. अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबरच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबरच्या, पंक्तीतून प्रेषित पेत्र उठला, तेव्हा बर्णबाही ओढला गेला. गलतीकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात पौलाने ते दुःखाने लिहिलंय. म्हणून थेस्सलनीकाकरांना तो निरनिराळं सांगतो: बेशिस्त वागणाऱ्यांना ताकीद द्या, अल्पधीरांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या. समोर कोण आहे हे ओळखणं याच दानाचा भाग आहे.

तुम्ही म्हणाल, मला बोलता येत नाही. पौल कैदी म्हणून रोमला निघाला होता. तिथले बंधू त्याला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आले, म्हणजे सुमारे 65 किलोमीटर. ते काय बोलले, एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धैर्य आलं, एवढं मात्र लिहिलेलं आहे.