फ्लॉरेन्सच्या चर्चमधला खून आणि एक सांकेतिक पत्र

नमस्कार श्रोतेहो.

आज एका खऱ्या खुनाची गोष्ट. जागा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराचं मोठं चर्च, सांता मारिआ देल फिओरे. तारीख २६ एप्रिल १४७८, वार रविवार. सुरे कोणी चालवले ते गर्दीनं डोळ्यांनी पाहिलं. पण त्या सुऱ्यांमागे कोण कोण उभं होतं, त्यातलं एक नाव कळायला पाचशे वर्षांहून जास्त काळ लागला. सुरे चालवणारे दिसले, मागचा माणूस दिसला नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मेला तो जुलिआनो मेदिची, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यातला, वय २४. त्या दिवशी बरं वाटत नव्हतं म्हणून तो घरीच थांबला होता. मेदिचींच्या वैरी पाझ्झी घराण्यातला फ्रान्चेस्को पाझ्झी आणि त्याचा साथीदार बर्नार्दो बांदिनी हे दोघे घरी जाऊन त्याला घेऊन आले. वाटेत हसतखेळत मिठी मारली आणि कपड्यांखाली चिलखत आहे का, ते चाचपून घेतलं. नव्हतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना जुलिआनोवर १९ वार झाले.

त्याचा मोठा भाऊ लोरेन्झो वाचला. त्याला मारायचं काम मोन्तेसेक्को नावाच्या मुरलेल्या शिपायाकडे होतं. पण देवाच्या घरात रक्त सांडणार नाही, असं सांगून त्यानं अंग काढून घेतलं. मग ऐनवेळी ते काम दोन पाद्र्यांच्या गळ्यात पडलं. हत्याराची सवय नाही, त्यामुळे वार मानेला ओझरता लागला. लोरेन्झोनं झगा हाताला गुंडाळून ढाल केली आणि पाद्री जिथे झगे चढवतात ती आतली खोली गाठली. मित्रांनी ब्राँझची जड दारं धाडकन लावली. सुऱ्याला विष असेल या धास्तीनं एकानं ती जखम तोंडानं चोखली. ही दारं लुका देल्ला रोब्बिया या शिल्पकारानं घडवलेली आहेत. लोक घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढून येतात आणि दारांकडे न बघता निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. एक माणूस त्या दारांमुळे जगला!

फ्रान्चेस्को त्याच दिवशी फासावर गेला. बांदिनी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पळाला, पण तिथल्या सुलतानानं त्याला परत पाठवलं आणि १४७९ च्या डिसेंबरात तोही लटकला. प्रकरण मिटलं, असं सगळ्यांनी धरलं.

आता पत्राकडे येऊ. २००१ मध्ये उर्बिनो गावातल्या उबाल्दिनी घराण्याच्या खासगी दफ्तरात मार्चेल्लो सिमोनेत्ता या इतिहासकाराला एक पत्र सापडलं. तारीख, १४ फेब्रुवारी १४७८. खुनाच्या ७१ दिवस आधीची. लिहिणारा उर्बिनोचा ड्यूक, फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो. पत्र रोममधल्या त्याच्या दूतांना. आणि मजकुरात चित्रविचित्र खुणांच्या ओळी.

किल्ली कुठे मिळाली? सिमोनेत्ताच्याच घराण्यात! त्याच कुळातला चिक्को सिमोनेत्ता मिलानच्या दरबारी मुख्य चिटणीस होता. किल्लीशिवाय सांकेतिक पत्र कसं फोडायचं, याचे नियम त्यानं जुलै १४७४ मध्ये लिहून ठेवले होते.

पहिली पायरी, भाषा ओळखा. शब्दांच्या शेवटी येणाऱ्या खुणा मोजा. पाच किंवा त्याहून कमी निघाल्या, तर पत्र लोकभाषेत आहे, कारण इटालियन शब्द बहुधा स्वरावर संपतो. जास्त निघाल्या, तर लॅटिन. पुन्हा सांगतो, शब्दाचा शेवट मोजायचा, सुरुवात नव्हे. मग एकाच खुणेचे शब्द वेगळे काढायचे. लोकभाषेत ते वारंवार येतात, लॅटिनमध्ये क्वचित. मग दोन खुणांचे, तीन खुणांचे. इटालियनमध्ये तीन अक्षरी 'के' (che) हा शब्द पावलोपावली भेटतो, म्हणजे आपला 'की'. तो सापडला की तीन अक्षरं हाती आली.

आपल्या च-च्या भाषेचंही असंच. 'चणीपा' म्हणजे पाणी. दहा शब्द ऐकले की प्रत्येकाच्या तोंडी तोच 'च', आणि तिथेच ती फुटते. जे परत परत येतं, ते घात करतं.

म्हणूनच त्या काळचे हुशार चिटणीस एका स्वराला दोन-तीन खुणा द्यायचे, मध्ये बिनअर्थाच्या खुणा पेरायचे, पोप किंवा राजा अशा मोठ्या नावांना स्वतंत्र चिन्ह ठेवायचे. मोजणाऱ्याची गफलत होते ती इथे. एकच स्वर तीन ठिकाणी वाटला गेला की मोजदाद खोटी पडते. अशा वेळी एकेक खूण मोजणं सोडून तिच्या शेजारच्या खुणा बघायच्या. ज्या दोन खुणा आलटून पालटून सारख्याच शेजाऱ्यांत वावरतात, त्यांचं अक्षर एकच असण्याचा संभव मोठा.

आपल्या मोडीला मात्र चिक्कोची पहिली पायरीच लागू पडली नसती. मोडीत ओळ सलग धावते, दोन शब्दांत जागा सुटत नाही. शब्द कुठे संपला ते कळलं तरच शेवट मोजणार ना! मोडी साधं जलद लिहिण्याचं वळण, पण परक्या डोळ्याला तिचं कुलूप किती पक्कं! शाळेत आठवीला वर्षभर मोडी शिकवावी, अक्षर सुधारतं आणि डोळाही तयार होतो, हे माझं जुनं मत आहे.

तर त्या खुणा सुटल्या, आणि २००४ मध्ये जगाला कळलं. फेदेरिको कटात होता. फ्लॉरेन्सच्या वेशीवर ६०० सैनिक पाठवायचं त्यानं कबूल केलं होतं. पण लोरेन्झो दाराआड जिवंत राहिला, शहर मेदिचींच्या बाजूनं उसळलं, आणि त्या सैन्याला आत शिरायची वेळच आली नाही.

चिक्कोला हे कधीच कळलं नाही. दरबारातल्या सत्तापालटात तो कैद झाला आणि ३० ऑक्टोबर १४८० ला पाव्हियात त्याचं डोकं उडवलं गेलं. फेदेरिको १४८२ मध्ये सन्मानानं वारला. त्याचं चित्र आज फ्लॉरेन्सच्याच उफ्फीत्सी संग्रहालयात आहे, त्या चर्चपासून पायी दहा मिनिटांवर. लाल टोपी, मोडकं नाक, आणि चेहऱ्याची फक्त डावी बाजू. उजवा डोळा गेलेला होता, ती बाजू चित्रात आलेलीच नाही.