गादीवर बाजीबा, कारभार जेंकिन्सचा

(इतवारी. मागे मारबतीची गर्दी, ढोल.)

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना? नाही आला तरी बोलतो, या गर्दीत दुसरा टेक मिळणार नाही.

ही बघा, आली काळी मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात तो पुतळा. कागद-बांबूचं एवढं मोठं धूड, आणि सगळे ओरडतायत, ‘इडा, पीडा, घेऊन जा गे मारबत!’ नागपुरात कोणालाही विचारा, ही कोण? सांगतील, बाकाबाई. इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी. आता दुसरं विचारा, तेव्हा गादीवर राजा कोण होता? गप्प. त्या राजाचीच गोष्ट आज सांगतो.

(महाल. भोसले वाड्यासमोर.)

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, पुढं कैदेतून निसटले. गादी रिकामी ठेवायची नाही आणि आप्पासाहेबांनाही द्यायची नाही, म्हणून इंग्रजांनी शोधलं एक पोर. बाजीबा, दुसऱ्या रघूजींच्या लेकीचा मुलगा. आप्पासाहेबांच्या आधीचे राजे परसोजी, त्यांच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर दत्तक दिला आणि २६ जून १८१८ ला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवला. वय दहा वर्षं! वाड्यात देखरेख आजी बाकाबाईंची, राज्याचा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सचा. हिशेब, महसूल, नेमणुका, सगळं त्याच्याकडे. राजाच्या हातात काय? तर नाव.

१८२६ च्या तहानं हळूहळू कारभार परत मिळायला लागला, १८३० पर्यंत मुलूखही. पण रेसिडेंट होताच डोक्यावर. पुढची वर्षं मी भरभर सोडतो, कारण खरी मेख शेवटी आहे.

११ डिसेंबर १८५३. रघूजी गेले. मुलगा नाही, दत्तक घेतलेला नाही. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणतो, १८१८ साली गादी आम्हीच बक्षीस दिली होती, वारस नसला तर ती आमचीच. बघा, ज्या मेहरबानीनं पोर राजा झालं, तीच मेहरबानी राज्य गिळायला कामी आली! आणि डलहौसीच्या टिपणात विदर्भाच्या कापसाचाही उल्लेख आहे, इंग्लंडच्या गिरण्यांसाठी. कापूस, भाऊ! १८५४ च्या मार्चात राज्य खालसा.

मग लिलाव. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल गेले, दागिने कलकत्त्याच्या बाजारात. वाड्यातलं सामान हलवायला लोक आले, तेव्हा एका म्हातारीनं धमकी दिली, ‘सामान हलवलंत तर वाडा पेटवून देईन.’ ती म्हातारी म्हणजे बाकाबाई. हो, तीच, जिला आपण सकाळी वेशीबाहेर नेऊन जाळतो. १८५७ साली ती इंग्रजांच्या बाजूनं राहिली, हेही खरं. मला दोन्ही एकाच बाईच्या पदरात टाकायला जड जातं, पण आहेत दोन्ही तिचीच.

सामान गेलंच. रघूजींच्या मागं दत्तक घेतलेल्या यशवंतराव आहेरांना, म्हणजे जानोजींना, पुढं इंग्रजांनी किताब दिला. नागपूरचा राजा नाही हं. देऊरचे राजेबहादूर. देऊर कुठं? सातारा जिल्ह्यात.