चाकाची चमक नेमकी कुठं जाते

नमस्कार राजेहो. आज पिकाचं नाही, गाडीचं बोलू. म्हणजे बोलता बोलता पीक मधात येईलच, कारण आपल्याकडं मोटरसायकल म्हणजे अर्धी बैलगाडीच आहे, तिच्यावर खत जातं, फवारणीचा पंप जातो, चाऱ्याचा भारा जातो आणि संध्याकाळी पाहुणेही जातात.

दसरा जवळ आला की माझ्या गाडी दुरुस्तीच्या दुकानासमोर रोज एकच प्रश्न, "भाऊ, चाकाचं क्रोम चमकवाले कोणतं पॉलिश आणू?" मी म्हणतो, पॉलिश राहू दे, आधी सांग पावसाळाभर गाडी कितीदा धुतली? तर पोरगं हसते आणि वर पाहते.

खरं सांगू का, पॉलिश कमी पडलं म्हणून चमक जात नाही, चाकावर जे बसून राहतं त्यानं जाते. आपली काळी माती ओली असली की डिंक आणि वाळली की वीट. मडगार्डच्या आत, हबभोवती म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाभोवती, आणि स्पोक जिथं रिमात घुसतात त्या बेचक्यात ती जाऊन बसते, वरून वाळलेली दिसते पण आत आठ-आठ दिवस ओली राहते. स्पोकवाल्या चाकाची रिम असते लोखंडाची, तिच्यावर निकेलचा थर आणि त्याच्यावर क्रोमचा, आणि हा क्रोमचा थर माणसाच्या केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही भरत नाही. चमक सगळी तेवढ्यावर! त्याला बारीक छिद्रं असतातच, तिथून ओल खाली लोखंडाला लागली की तांबूस ठिपका वर येतो.

आता खताचं ऐका, हे माझ्याच घरचं आहे. बाबांची जुनी स्प्लेंडर, तिच्यावर एका पावसाळ्यात तांबड्या पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. एक गोणी कोपऱ्यात फाटलेली होती, वाटभर दाणे मागच्या चाकावर पडले, आम्ही म्हटलं पावसानं धुवून निघेल. आता पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंडाला कुरतडते. दिवाळीपर्यंत मागच्या रिमवर देवीचे व्रण असतात तसे खड्डे, बोट फिरवलं की खरखर लागायचं. मी मेकॅनिक माणूस, मलाच लाज वाटली. खड्डा पडला की तो कोणत्याच पॉलिशनं भरत नाही, रिम बदला नाहीतर तशीच पाहत बसा. म्हणून सांगतो, युरिया, पोटॅश, फवारणीचं औषध, जे काही वाहिलं त्या दिवशी संध्याकाळी दोन बादल्या साधं पाणी चाकावर मारा, साबण नसला तरी चालते, पण त्याच दिवशी मारा.

आता नीट धुवायचं कसं. इंजिन थंड होऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा. चिखल आधी भिजवा, पंधरा-वीस मिनिटं, मग काढा, पण स्क्रू ड्रायव्हरनं नको, तुऱ्हाटीच्या काडीनं. तुऱ्हाटी घरी असतेच, बेचक्यात बरोबर शिरते, आणि क्रोमवर ओरखडा पडायच्या आधी ती स्वतः मोडते. स्पोकच्या मुळाशी जुना टूथब्रश. चाकाचं फडकं वेगळं आणि टाकीचं वेगळं ठेवा, नायतर चाकातली रेती टाकीवर घासली जाईल आणि उन्हात गोल गोल रेघा दिसतील, मग म्हणाल कंपनीचा कलरच हलका होता.

साबण म्हणाल तर शाम्पूची एक पुडी अर्ध्या बादलीत पुष्कळ झाली. कपड्याचा पावडर आणि धुण्याचा सोडा नको, विशेष करून ज्यांच्या गाडीला अलॉय व्हील आहे त्यांनी. अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम, सोड्यानं ते काळवंडतं, आपल्या जर्मनच्या पातेल्यासारखं. अलॉयवर बहुतेक रंग नाहीतर पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, त्याच्यावर पितळी भांड्याचं पॉलिश घासलं की लॅकर जातं आणि चाक कायमचं धुरकट होतं. ते पॉलिश क्रोमसाठी ठीक, तेही हलक्या हातानं.

क्रोमवर तांबूस ठिपके आले असतील पण खड्डे नसतील तर एक जुगाड आहे. पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद येतो ना, फॉइल, त्याचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हळू घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, गंज निघतो पण क्रोम सहसा ओरबाडलं जात नाही. पाणी काळं-तपकिरी होईल, घाबरू नका. पॉलिश पेपर आणि भांड्याची तारेची घासणी मात्र चाकाजवळ आणूच नका.

धुतल्यावर अर्धे लोक गाडी उन्हात लावून चहा प्यायला जातात, घोटाळा इथंच होतो. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, उन्हात वाळलं की पांढरे डाग राहतात, पातेल्याच्या बुडाला खार बसते तसे. जुन्या सुती बनियाननं लगेच पुसा, मग क्रोमवर गाडीचं मेण नाहीतर तेलाचा अगदी पातळ हात. टायरला आणि ब्रेकला तेल लागता कामा नये, डिस्कवाल्यांनी तर डिस्कजवळ तेलाचं फडकं नेऊच नये, ब्रेक लागणार नाही बाप्पा.

चेन पुसताना गाडी चालू करून गिअर टाकायचा आणि फडकं धरून बसायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तशात गेलेलं बोटही पाहिलंय. न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरवा, दोन मिनिटं जास्त लागतील. प्रेशरचा पाईपही हबवर सरळ मारू देऊ नका, सीलमधून पाणी आत गेलं की बेअरिंगचं ग्रीस जाते आणि महिनाभरानं चाक कुरकुरते. आणि ते नाल्यात गाडी उभी करून धुणं सोडा राजेहो, खाली ढोरं पाणी पितात, तेलाचा तवंग त्यांच्या तोंडात जातो.

दसऱ्याच्या पूजेचं एक राहिलं. चाकाखाली लिंबू चिरडतो, नारळाचं पाणी शिंपडतो, कुंकू लावतो, सगळं करा, मीही करतो. फक्त त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं रिम पुसून घ्या, लिंबाचा रस रात्रभर क्रोमवर राहू देऊ नका.

धुवून झालं की गावाच्या वेशीपर्यंत एक चक्कर मारून या आणि हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबा, ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेलं पाणी वाळेल. बाबांच्या त्या गाडीची मागची रिम मी अजून बदलली नाही. बाबाच म्हणतात, "राहू दे, पोटॅश आणाले गेलो की आठवण राह्यते." आणि खरंच, आता ते गोणीखाली जुनी ताडपत्री टाकल्याशिवाय निघत नाहीत.