मिरगाआधी खुराडं

नमस्कार मंडळी. मी बेलापूरच्या खाडीकाठची, दिवाळे गावची. आमच्या परसात आठ गावठी कोंबड्या आहेत. मिरग तोंडावर आलाय, म्हणून आज कोंबड्यांच्या पावसाळ्याविषयीच बोलते. आपल्या ठाण्या-बेलापूरकडे घरची कोंबडी जाते ती बहुतेकदा ओलीपायी.

चार वर्षांपूर्वी माझी नऊ पिल्लं अशीच गेली. महिन्याची होती. आठवडाभर झड लागली, पत्र्याच्या फटीतून पाणी आत यायचं आणि मी वरवर नवा भुसा पसरत राहिले. एका सकाळी बघते तर पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा झालेली, खाली रक्ताची शी. डॉक्टर म्हणाले, रक्ती हगवण. हा रोग कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीचा. शीतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि ओल नि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला बाधायला तयार होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तर फार जपावं लागतं. औषध पाण्यातून देतात, वेळेत दिलं तर गुणही येतो. मला उशीर झाला होता. त्या पिल्लांचं वाईट अजून वाटतं.

तेव्हापासून मी खुराड्याची जमीन दीड फूट उचलून घेतली. पाऊस खाडीकडून, पश्चिमेकडून मारतो, म्हणून ती बाजू बंद, जाळी पूर्वेला. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. रोज संध्याकाळी मूठभर तूस घेऊन घट्ट आवळते. मूठ उघडल्यावर सुटून पडलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल धरलीय, तेवढं सगळं काढायचं, वर नवं घालायचं नाही. आणखी एक करा. खाली वाकून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर समजा, ती बिचारी रात्रभर तीच हवा ओढतेय.

मका, कणी पंधरा दिवसांपुरतीच आणा. बुरशी धरलेला मका कोंबडीचं यकृत खराब करतो. उन्हात वाळवला तरी त्यातलं विष जात नाही.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. आणि दोन-चार कोंबड्या अचानक पटापट मेल्या, तर उघड्या हातांनी उचलू नका, खाडीत टाकू नका, कापून वाटू तर नकाच. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. 2022 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत आला होता.

गावठाणात घराला घर लागून आहे. शेजाऱ्यांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास होत असेल तर कोंबडा ठेवू नका. अंडी त्याच्यावाचूनही मिळतात, फक्त त्यांतून पिल्लं होत नाहीत.

मला पिल्लं हवीच असतात. गेल्या जूनमध्ये खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा फुटली. बाहेर धो-धो पाऊस, पण तूस मुठीत सुटत होतं. गौरी आल्या त्या दिवशी अकराही पिल्लं अंगणात दाणे टिपत होती.