कुरळ्या केसांची तहान

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. माझ्या पुढे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता, सोबत त्याचे वडील. मुलाचे केस दाट, कुरळे, कानांवर आलेले, मानेवर रुळायला लागलेले. वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बारीक करा. फार झिपऱ्या झाल्यात." मशीन फिरली. काळ्याभोर केसांची वेटोळी अंगावरच्या कापडावरून घसरत फरशीवर पडत होती आणि तो मुलगा आरशात न बघता फरशीकडे बघत होता. पाच मिनिटांत काम झालं. वडिलांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "आता कसा माणसात आलास!" त्या हातात माया होती, हेही मी पाहिलं.

माझं लहानपण चिपळूणचं. माझेही केस असेच, आणि दर महिन्याला माझ्याही डोक्यावरून मशीन फिरायची. शाळेत पोरं मला शेवया म्हणायची. माझ्या बहिणीचे केसही कुरळेच, पण तिचं सगळं निराळं. रविवारी आई तिला खोबरेल लावायची, शिकेकाई उकळून गाळून घ्यायची, न्हाऊन झालं की केस पंचात गुंडाळायची आणि मग पडवीत बसून एकेक बट सोडवायची. तास-दीड तास जायचा. आई तीच, केसांची जातही तीच. तिच्या वाट्याला वेणी आली आणि माझ्या वाट्याला मशीन. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मुलग्याचे केस सांभाळायचे असतात हे कुणाच्या मनातच आलं नाही. म्हणूनच विशी-पंचविशीतला एखादा मुलगा केस वाढवायचं ठरवतो तेव्हा त्याला साधा कंगवा कुठून धरायचा तेही ठाऊक नसतं. चार महिने झगडतो आणि कापून मोकळा होतो. आज मला बोलायचंय ते अशा मुलांशी, आणि त्यांच्या आईवडिलांशीही.

मला हे शिक्षण मिळालं नांदेडला. नोकरीनिमित्त तिथे गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये नांदेडलाच देह ठेवला. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली शीख घरं आहेत, आपल्याइतकंच सहज मराठी बोलतात. माझे घरमालक त्यांतलेच. रोज सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि आठ वर्षांचा मुलगा त्यांच्या पुढ्यात स्टुलावर. हातात लाकडी कंगा. शिखांच्या पाच ककारांत, म्हणजे 'क'ने सुरू होणाऱ्या पाच धर्मखुणांत, केसही आहेत आणि कंगाही आहे. केस ठेवायचे तर विंचरायचेही, हे तिथे एकत्रच सांगितलेलं आहे. ते मुलाचे केस मधोमध मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे खाली कंगा अडला तरी ओढ मुळाशी जात नाही. मग टोकाची चार बोटं विंचरायचे. ती मोकळी झाली की मूठ थोडी वर, पुढची चार बोटं. गाठ आली की कंगा बाजूला ठेवून बोटांनी उकलायचे. मुलगा गोष्ट सांगत असायचा, कधी 'आई गं' म्हणाल्याचं मला आठवत नाही. बाप मुलाचे केस विंचरतोय हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. एकदा मला म्हणाले, "वरून ओढलं की गाठ आवळते. खालून या."

श्रोतेहो, या एका वाक्यावर निम्मं काम भागतं.

आता कुरळा केस कुरळा का असतो ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. केस ज्या कूपातून उगवतो तो कूप सरळ केसांत बऱ्यापैकी उभा असतो, कुरळ्या केसांत वाकलेला असतो. सरळ केस आडवा कापला तर गोलसर दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल. टाळूत तेलाच्या ग्रंथी सगळ्यांनाच असतात. सरळ केसावरून ते तेल घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाला वळणंच इतकी की ते मुळाशीच राहतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं मात्र वाळल्या गवतासारखी, अशी तक्रार होते. आपण ज्याला राठ केस म्हणतो तो बहुतेक वेळा तहानलेला केस असतो.

आणखी एक. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, आपल्या कोकणातल्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले, उतार टोकाकडे. कौलं नीट बसलेली असली की घर गळत नाही. खसाखसा पुसलं, कोरड्यावर ब्रश मारला की ही कौलं उचकटतात आणि केस पिंजारतो. केसाच्या आत केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याला धरून ठेवणारे बंध असतात. त्यांतले गंधकाचे पक्के असतात, साध्या पाण्याला दाद देत नाहीत. दुसरे हायड्रोजनचे. ते पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळतो, तो आकार दिवसभर राहतो. पावसाळ्यात हवेतलीच ओल केसात शिरते, बंध सुटतात आणि वेडेवाकडे जुळतात. जुलैत चिपळूणला उतरलो की एसटी स्टँडवरच माझं डोकं दीडपट होतं. ते केसांचं वागणंच आहे, आजार नव्हे.

वाढीचा हिशेब आधीच मांडून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला 15 सेंटिमीटर. पण कुरळा केस आखडून बसतो. एखादी बट ओढून मोजली तर 15 भरते, सोडली की आठ-नऊ. म्हणजे सरळ केसांच्या मित्राचे खांद्याशी आले तरी तुमचे कानाशीच. खांद्यापर्यंत यायला मला पावणेतीन वर्षं लागली. सगळ्यांत अवघड काळ चौथ्या महिन्यापासून आठव्या-नवव्यापर्यंत. केसाला स्वतःचं वजन आलेलं नसतं, तो खाली पडत नाही, बाजूला वाढतो. कानांवर दोन्हीकडे फुगा आणि वर सपाट. घरी-दारी सगळे बोलतात ते याच दिवसांत, आणि बहुतेक मुलं कापतात तीही याच दिवसांत. तेव्हा मानेवरचे तेवढे साफ करून घ्या, कानांवरचे किंचित सारखे करा, बाकीच्यांना हात लावू देऊ नका. साधा काळा हेअरबँड लावा. वजन आलं की ते आपोआप खाली बसतात.

आता न्हाण्याचं. रोज शांपू नको. आठवड्यातून दोनदा पुरे, घाम फार येत असेल तर तीनदा, मधल्या दिवशी नुसतं पाणी. बाटलीमागे लॉरिल सल्फेट लिहिलेलं असेल तर तो फेस केसाचं उरलंसुरलं तेलही घेऊन जातो, सौम्य बघून घ्या. शांपू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. खाली वाहून जाणारा फेस टोकांना पुरतो. कंडिशनर उलटं, कानाच्या खाली, टोकांना भरपूर. गुंता सोडवायचा तो याच वेळी, कंडिशनर लावलेला असताना, ओल्या केसात, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने. खालून वर, नांदेडच्या पद्धतीने. एकदा केस वाळले की कंगवा कपाटात. रिठा मी वापरून पाहिला, माझे केस फार कोरडे झाले. शिकेकाई मानवते, पण पूड थेट लावू नका, वेटोळ्यांत अडकलेली पूड दोन दिवस झडत राहते. उकळून, गाळून घ्या.

मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरच्या जड पाण्याचा प्रश्न मोठा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर साचतं, केस फिक्कट, चरबरीत लागतो. सगळं न्हाणं गोड्या पाण्याने करणं कुणाला परवडणार? शेवटचे दोन तांबे तेवढे प्यायच्या पाण्याचे घ्या. नांदेडला मी पाच वर्षं तेच केलं.

टर्किशचा टॉवेल मात्र बाजूला ठेवा. आपला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा याला तोड नाही. डोकं पुढे वाकवायचं, केस पंचावर घ्यायचे आणि मुठीत दाबून पाणी टिपायचं. पिळायचं नाही, घासायचं नाही.

आणि जवस. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर असते, तेच हे जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, सतत ढवळत. भेंडीसारखी तार यायला लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा. हे विसरू नका. गार झालं की तो गोळा कुठल्याच गाळणीतून खाली उतरत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना हे भरपूर लावून टोकांकडून वर मुठी वळायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मघाशी म्हटलं ना, बंध जुळतात ते वाळताना. वाळल्यावर केस खळीच्या कपड्यासारखे कडक लागतात. मग पुन्हा मुठीत हलकेच दाबायचे. कुरकुर आवाज होतो, कडकपणा मोडतो आणि आत सुटी, चमकदार वेटोळी असतात. पहिल्यांदा हे झालं त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ उभा होतो. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत मी माझे केस खऱ्या अर्थाने पाहिलेच नव्हते.

तेलाचं विचाराल तर खोबरेल न्हाण्याआधी. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये एका अभ्यासात दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि न्हाताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, खनिज तेलाला किंवा सूर्यफुलाच्या तेलाला ते जमत नाही. आयांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं ते बरोबरच होतं. पण न्हाल्यावर वरून चोपडलेलं तेल म्हणजे पाणी नव्हे. त्यावर धूळ बसते आणि तहान तशीच राहते.

गुंतवळीला घाबरू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण याच भीतीने कितीतरी मुलं केस कापतात. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात. सरळ केस गळला की खाली पडतो, कुरळा गळला तरी शेजाऱ्यांत अडकून बसतो. चार दिवसांचे चारशे केस न्हाताना एकदम हातात येतात आणि काळजात धस्स होतं. आमच्या लहानपणी सुया-पोत विकणारी बाई दारात यायची, आजी फडक्यात जपून ठेवलेली गुंतवळ तिला द्यायची आणि दोन सुया घ्यायची. त्या काळच्या कुठल्याही बाईला गुंतवळ बघून भीती वाटली नसती. रोज बघत होत्या त्या. आपल्याला सवय नाही, इतकंच. जागोजागी चट्टे दिसले किंवा भांग रुंद व्हायला लागला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

बांधायचे तेही सैल. आवळून अंबाडा घातला आणि महिनोन्‌महिने घालत राहिलं की कपाळावरची रेषा मागे सरकते, आणि तिथले केस पुढे येतीलच असं नाही. रबर नको, कापडी बँड. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल. अन् ओले केस हेल्मेटमध्ये कोंबू नका.

मन मोकळं करतो. पहिल्यांदा अकरा महिने वाढवलेले केस मी कापले ते एका वरिष्ठांच्या सांगण्यावरून. चारचौघांत म्हणाले, "हे काय नाटकातल्यासारखं?" संध्याकाळी जाऊन कापून आलो. पुढे कळलं, असा नियम तिथे नव्हताच. पोलीस, सैन्य, स्वयंपाकघर, यंत्रावरचं काम, इथे नियमाला कारण असतं, तिथे वाद नको. बाकी ठिकाणी नम्रपणे विचारा, नियम लेखी आहे का? नीट विंचरलेले, स्वच्छ, बांधलेले केस असले की बोलणारे हळूहळू थांबतात.

आणि कुरळे केस परके कुठे आहेत? अजिंठ्याचे बुद्ध पाहा, डोक्यावर एकेक वळण कोरलेलं आहे, उजवीकडे वळणारं. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरलेला सोळा वर्षांचा सचिन आठवा, ते दाट कुरळे केस. मुंबईत जन्मलेले उस्ताद झाकीर हुसेन आठवा. तबल्याच्या लयीवर त्यांचे केस डोलायला लागले की मागच्या रांगेतल्यालाही सम दिसायची.

आता वाढवायचे म्हणजे कटिंगच्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही असं नाही. तीन-चार महिन्यांनी टोकं दुभंगतात, ती काढावी लागतात. दुकानात पाणी मारून केस ओढून कापतात, आणि वाळल्यावर ते आखडून दोन बोटं वर जातात, मग पुन्हा वर्षभर थांबा. पातळ करायच्या दातेरी कात्रीने तर आतले आखूड केस वर उसळतात. म्हणून मुलाला घेऊन जाल किंवा स्वतः जाल, तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच सांगा: केस कोरडेच कापा, पाणी मारू नका, मशीन नको, दातेरी कात्री नको, फक्त टोकं, एक बोट. आमच्या दुकानदाराला पहिल्यांदा हे विचित्र वाटलं होतं. आता तो स्वतःच विचारतो, "एकच बोट ना?"

नमस्कार.