लिंकनचा चिकटवलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

23 ऑगस्ट 1864. वॉशिंग्टनमध्ये मंत्रिमंडळाची बैठक. अध्यक्ष अब्राहम लिंकन घडी घालून चिकटवलेला एक कागद पुढे सरकवतात. आतला मजकूर कुणालाही दाखवत नाहीत. फक्त पाठीमागे सह्या करायला सांगतात. आणि मंत्री सह्या करतातही!

आत लिहिलं होतं, हे सरकार पुन्हा निवडून येईल असं दिसत नाही. तसं झालं, तर नव्या अध्यक्षाच्या शपथविधीपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून देश एकसंध राखायचा. कारण तो ज्या मुद्द्यावर निवडून येईल, त्यामुळे पुढे त्याच्या हातून ते होणार नाही.

लिंकन उगाच धास्तावले नव्हते. दक्षिणेची राज्यं देशातून फुटून निघाली होती आणि त्या यादवी युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. लिंकनचे सेनापती ग्रँट यांची फौज हजारो माणसं गमावून व्हर्जिनियात पीटर्सबर्गपाशी अडकली होती. समोर उमेदवार जॉर्ज मॅक्लेलन, लिंकननीच सेनापतिपदावरून काढलेले. त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात लढाई थांबवा असा ठराव केला. गंमत म्हणजे तो खुद्द मॅक्लेलननाच पटला नव्हता!

2 सप्टेंबरला दक्षिणेतलं अटलांटा शहर लिंकनचे दुसरे सेनानी शर्मन यांच्या हाती पडलं आणि वारं फिरलं.

मला खरं कुतूहल आहे ते शिपायांच्या मतांचं. बऱ्याच राज्यांनी छावणीतच मतदानाची सोय केली. इंडियानात तसा कायदा नव्हता, म्हणून तिथल्या शिपायांना मतदानापुरतं घरी सोडता आलं तर पाहा, असं लिंकननी शर्मनना लिहिलं. एके काळी मॅक्लेलन या फौजेच्या गळ्यातले ताईत होते. तरीही शिपायांची जी मतं वेगळी मोजली गेली, त्यांत दहातली सातांहून जास्त लिंकनना पडली. लढाई अर्ध्यावर सोडायला लढणारेच तयार नव्हते.

8 नोव्हेंबरच्या मतदानात लिंकनना 212 निर्वाचक मतं (प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली, ज्यांवर अध्यक्ष ठरतो) मिळाली, मॅक्लेलनना 21. केंटकी, डेलावेअर आणि न्यू जर्सी एवढीच राज्यं त्यांच्या वाट्याला आली. बंडखोर दक्षिणेची मतं या मोजणीत नव्हतीच.

11 नोव्हेंबरला लिंकननी तो कागद मंत्र्यांपुढे उघडून वाचला. ते म्हणाले, हरलो असतो, तर मॅक्लेलनकडे जाऊन म्हणालो असतो, तुम्ही फौज उभी करा, मी सरकारची सगळी ताकद तुमच्यामागे लावतो. त्यावर परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाले, जनरलसाहेब ‘हो, हो’ म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तरी ‘हो, हो’च म्हणाले असते, आणि केलं काहीच नसतं.