आधी उतार, मग चढ : लोणारच्या विवरातली एक दिवसाची पायी भटकंती

नमस्कार श्रोतेहो. सोयाबीन घरात आलं, तूर अजून वावरात उभी आहे, कपाशीच्या वेचणीतून एखादा दिवस मोकळा निघतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे हे तीन महिने आपल्याकडे रानात पायी हिंडायचे. समुद्र आपल्याला लांब आहे, पण पाण्याच्या काठाकाठानं, झाडीच्या सावलीतून चालायचं तर बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारसारखी जागा नाही. मेहकरहून पंचवीसेक किलोमीटर. एका दिवसात जाऊन येता येतं आणि वाट फार कठीणही नाही. तरीही इथे माणसं दमून, चक्कर येऊन बसतात. त्याला कारण आहे.

डोंगरावर जाताना आधी चढ लागतो. अंगात दम असतो, हवा गार असते. थकवा आला की माणूस परत फिरतो आणि पुढे उतारच असतो. लोणारला सगळं उलटं. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर. त्याचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर आणि काठापासून तळ्यापर्यंतची खोली 140 मीटरच्या आसपास. सकाळी हसतखेळत उतरायचं, आणि पाय दमले, पाण्याची बाटली रिकामी झाली, ऊन डोक्यावर आलं की मगच खरा चढ सुरू होतो. एका पायरीला अठरा सेंटिमीटर धरले तर हा चढ पावणेआठशे पायऱ्यांचा भरतो. शिवाय विवर म्हणजे खोलगट वाडगा. वरचा वारा खाली पोचत नाही आणि तापलेल्या दगडाची धग तिथेच कोंडून राहते.

म्हणून बेत मागून पुढे आखायचा. वर कधी पोचायचं ते आधी ठरवा. अकरा वाजता सगळे वर हवेत. चढायला एक तास, म्हणजे पावणेदहाला चढाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि पंधरा मिनिटं हाताशी ठेवायची. सकाळी सव्वासातला उतरायला लागलात तर आठपर्यंत तळाशी याल. मधल्या पावणेदोन तासांत तळ्याच्या काठानं दीड किलोमीटर जाऊन तेवढंच परत. तळ्याला पूर्ण फेरी मारायचा हट्ट पहिल्या खेपेला नको. फेरी अर्ध्यावर आल्यावर मागे फिरा की पुढे जा, अंतर सारखंच उरतं, आणि कोणी लंगडायला लागलं तर जवळची वाट म्हणून नसतेच. घड्याळात नऊचा गजर लावा. गजर वाजला की जिथे असाल तिथून मागे वळायचं, समोर मोर नाचत असला तरी.

पाणी माणशी तीन लिटर. वजन तीन किलो होतं म्हणून लोक एकच बाटली घेतात, आणि ती उतरतानाच संपवतात. एक लिटर जाण्यासाठी, दोन लिटर येण्यासाठी, अशी वाटणी करून बाटल्यांवर खूण करा. तळ्याचं पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. ते प्यायचं नाही, त्यानं डोळे किंवा जखमही धुवायची नाही. विवरातल्या धार नावाच्या झऱ्याचं पाणी गोडं आहे, पण तपासलेलं नसलं तर आपलं घरचंच बरं. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी असू द्या : एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर तहान वाढते.

शिदोरीला दशम्या, तिळाची चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. वरण-भात डब्यात कोंदट होऊन दुपारपर्यंत आंबतो. गूळ-शेंगदाणे तासातासाला मूठभर खायचे, जेवण मात्र वर आल्यावर. भरल्या पोटी चढ चढवत नाही. या दिवसांत आंबिया बहाराची संत्री मिळतात. माणशी दोन घ्या आणि साली पिशवीतून परत आणा. हे अभयारण्य आहे, आणि 2020 पासून रामसर यादीतली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली, पाणथळही. तिथे सालीचा आणि पुडीचा वास माकडांना माणसामागे लावतो.

आता उताराचं नीट ऐका. दिवसभर वावरात राबणाऱ्याला वाटतं, चालण्याचं काय एवढं. सपाटीवर चालणं वेगळं. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर सावरून धरतात. तळाशी पोचेपर्यंत गुडघ्यावरची मांडी थरथरायला लागते, आणि हेच पाय घेऊन चढायचं असतं. दोन आठवडे आधी एक दिवसाआड टेकडीवरच्या देवळाच्या नाही तर शाळेच्या पायऱ्या उतरा. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. सुरुवात शंभर पायऱ्यांनी करा, तीनशेपर्यंत न्या.

वाटेवर कडक दगडावर मुरमाचे बारीक गोटे पसरलेले असतात. त्यांच्यावर टाच टेकवून पाऊल टाकलं की गोटे गोळ्यांसारखे फिरतात आणि माणूस पाठीवर पडतो. पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, पूर्ण तळवा एकदम टेकलेला. सागाचा वाळका पाचोळा असेल तिथे आधी काठीनं चाचपा. खाली खड्डा असतो, नाही तर घोणस. पाचोळ्याच्याच रंगाची, हलत नाही, म्हणून दिसतही नाही. हातभर लांबीची बांबूची काठी काही कामाची नाही, छातीपर्यंत येणारी हवी.

बूट जुनेच घाला. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधा, नाही तर पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखं बुटाच्या टोकाला आपटतात आणि दुसऱ्या दिवशी काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापा. चप्पल घालून मुळीच जाऊ नका. वेड्या बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो. टाचेला चुरचुर लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीनं चालणं सुधारत नाही.

काठावर पांढरट पापुद्रा दिसतो. तो वाळल्यासारखा वाटतो, पण खाली चिखल असतो आणि पाय घोट्याच्या वर रुततो. पोरांना तिकडे सोडू नका. तळ्याची पातळी दरवर्षी सारखी नसते. पाणी वाढलं की काठची वाट पाण्याखाली जाते. म्हणून कुठली वाट खुली आहे हे आदल्या दिवशी वनविभागाला विचारून घ्या. जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी दिसलं. तो रंग बघायला म्हणून मे-जूनमध्ये कोणी खाली उतरू नये. ते ऊन जीवावर बेतणारं आहे.

कड्यावर, देवळांच्या जुन्या दगडांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर नको, धूर नको, मोठ्यानं गाणी नकोत. माश्या उठल्याच तर दुपट्ट्यानं तोंड झाकून झाडीतून लांब पळा, हात झटकू नका. बिबट्याचा वावर आहे, तेव्हा लहान मूल रांगेच्या मधोमध, शेवटी मोठा माणूस.

चढताना पोटरीत गोळे आले, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही, तर मदत बोलवा. बोलणं असंबद्ध झालं, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तोंडात काही घालू नका. कपडे ओले करा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. खाली रेंज धरेलच असं नाही, त्यामुळे दोघं जण वर जाऊन फोन करतील हे आधीच ठरवून ठेवा.

दुपारी जेवून, पाय पसरून झाल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर निवांत बघा. उन्हं उतरली की काठावरून थोडं फिरा, खाली मात्र पुन्हा उतरू नका. सूर्य पश्चिमेच्या कड्याआड गेला की खाली सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधीच अंधारून येतं.

आणि घरच्या ज्या माणसाला तुम्ही अकराची वेळ सांगून गेलात, त्याला वर आल्याबरोबर पहिला फोन करा. नाही तर तुम्ही इकडे भाकरी सोडून बसता आणि तिकडे तो चार माणसं जमवून तुम्हाला शोधायला निघतो.